पातं उंची धरत नाही

“थांबा, पुन्हा खाली बसलं,” शकुबाई म्हणाली.

गुणवंतरावांनी बटण बंद केलं. कटर मशीनचं पातं गुणगुणत राहिलं, मग थांबलं. शकुबाईनं पाट उजेडात धरला. बैलाचे पाय बसवायची खाच सुरुवातीला खोल होती, शेवटाला उथळ. तिनं त्यात शिवणीच्या लाकडाचा बैल बसवला. बैल एका अंगावर कलला. भिंतीशी तसेच कललेले कितीतरी बैल उभे होते. जणू सगळा कळप एकाच काटेरी वाटेनं चालत आला होता.

तान्हा पोळा, पोरांनी लाकडी बैल ओढत मिरवायचा सण, तोंडावर आला होता. ब्रह्मपुरीच्या बाजारात फायबरचे बैल पुढं आणि लाकडाचे मागं बसत. तरी गुणवंतरावांच्या बैलाचं वशिंड पाहून एखादा बाप मागं वळायचा. लकवा येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा हात पाट दाबून पुढं सरकवायचा, पण पटाशी धरायचा नाही. शकुबाई वशिंड कानशीनं गोल करायची. तिनं पटाशी मारली की मात्र पाट उभा फाटायचा. मशीन होती म्हणून सुतार होता.

दुपारी शकुबाईचा भाऊ सोमाजी आला. माजरीच्या खाणीत पंप दुरुस्त करता करता तो निवृत्त झाला होता.

“भाऊजी, बिघडलं कोन? मशीन का तुमी?”

“दोघंय. तू आधी तिले पाह्य.”

सोमाजी टेबलाखाली शिरला. पातं वरखाली करायचं चाक त्यानं हलवलं. ते थोडं रिकामंच फिरायचं आणि मग पातं हलायचं. दांड्यावरची कॉलर सरकली होती. त्यानं मागं वायसर घातलं, स्क्रू आवळला. आता चाक हललं की पातं लगेच हलू लागलं. एक खाच सरळ निघाली. दुसरीही निघाली. शकुबाईनं चहा टाकला.

तिसऱ्या खाचेत पातं पुन्हा खाली गेलं. चहा तिकडं उकळत राहिला.

सोमाजीनं घासलेटचा बोळा घेऊन पातं उचलणारी आतली दातेरी पट्टी पुसली. भुशाचा काळा थर निघाला. कडेचे दाते जाडजूड, कोरे होते. मधले तेवढे झिजून बोरीच्या काट्यासारखे झाले होते.

“जल्मभर एकाच उंचीवर काम केलं तुमी, भाऊजी.”

“बैलच एक होता ना माहा.”

“बरं, टेबलावर फळी ठोकतो. पातं वर घेऊ, कोऱ्या दात्यांवर. खाच तेवढीच निंघन.”

फळी ठोकली. पातं तिच्यातून वर आलं, आणि त्यानं उंची धरली. गुणवंतरावांनी पाट पुढं लोटला. खाच सरळ निघाली, पण रुंद, सैल. बैलाचा पाय तिच्यात डुलू लागला. आता पातं आडवं हलत होतं.

सोमाजी पुन्हा खाली गेला. बॅटरीचा उजेड बराच वेळ एकाच जागी थांबला. पातं ज्या लोखंडी कानावर टांगलेलं होतं, त्याचं भोक अंड्यासारखं लांबट झालं होतं, आणि भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी काळी रेघ गेली होती.

“भोकात नवा बुश मारता येते ना?” गुणवंतरावांनी विचारलं.

“नुसतं भोक झिजलं असतं तं मारला असता. कानच तडकला, भाऊजी. ओतीव बीड आहे, वेल्डिंग धरत नाई. कंपनी बंद पडली, पार्ट भेटत नाई.”

“माजरीच्या वर्कशॉपात पाह्यतं?”

“माजरीत आता मीच नाई.”

शकुबाई पदरानं हात पुसत म्हणाली, “दुसऱ्याच्या मशीनवरून बैल अन् पाट कापून आणतो मी.”

“आकार त्याची मशीन कापते, खाच त्याचीच मशीन मारते. मंग बैल त्याचाच झाला ना. माहा काय राह्यलं त्यात?”

“लोक तं तुमचाच म्हनतीन.”

“लोक म्हनतीन. मले समजते ना.”

“काऊन जीवाले लावून घेता? पायाखाली चिपा ठोका,” सोमाजी म्हणाला.

“पोरगं गिट्टीवरून ओढते. चिप निंघते, बैल पडते. पोरगं रडत घरी जाते, सणाच्या दिशी.”

सोमाजी काढलेले नटबोल्ट डब्यात भरू लागला.

“जागच्या जागी लावून दे, सोमा.”

“कायले? भंगारवाला असाच नेते.”

“तरी लाव.”

सोमाजीनं एकेक बोल्ट आवळला. गुणवंतरावांनी झिजल्या दात्यांना तेल दिलं, वायर काढून गुंडाळली. सोमाजी वडशाच्या जीपनं गेला.

जेवायला बोलवायला शकुबाई आली तेव्हा गुणवंतराव भाताच्या तणसावर बसले होते. कलता एकेक बैल ओढून घेत होते आणि हलक्या हातानं कुशीवर निजवत होते. ती रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि तिकडून निजवू लागली. शेवटच्या बैलाला दोघांचे हात एकदमच लागले. तिनं आपला हात काढून घेतला.