शालूच्या गालातली झाडझूड

मी शालूच्या डाव्या गालातली एक जुनी भक्षकपेशी आहे. मित्रांनो, नावाला घाबरू नका. शरीरात रोज असंख्य पेशी आपलं काम संपवून मरतात. त्यांना गिळून जागा स्वच्छ ठेवणं हे माझं काम. माझा जन्म शालूच्या हाडांच्या पोकळीत झाला. रक्तातून वाहत मी गालाच्या कातडीत आले आणि इथेच रमले.

मरणारी पेशी आपल्या अंगावर एक खूण उघडी करते. माझ्या अंगावर ती खूण ओळखणारे बारीक हात आहेत. खूण हाताला लागली की पेशी फुटायच्या आत मी तिला पोटात घेते. गाजावाजा नाही, सूज नाही. शालूला कधी कळलंसुद्धा नाही, याचाच मला अभिमान आहे.

शालू मेंढपाळाची मुलगी. खुलताबादच्या रस्त्याला प्लॉट पडत गेले, त्यात दुष्काळ आला आणि चारा दूर गेला. ती भर दुपारी माळावर मेंढ्यांमागे फिरू लागली. तशातच तिला ल्युपस झाला. या आजारात रक्षण करणारी सेनाच आपल्या शरीरावर उठते. माझे हात उणे पडले. उन्हाने पेशी भराभर मरू लागल्या. न उचललेल्या पेशी फुटल्या, आतलं सामान सांडलं आणि आमच्या सैनिकांनी त्यालाच शत्रू समजून हल्ला केला. दोन्ही गालांवर लाल डाग उठले.

डॉक्टर नीरजाताईंच्या गोळ्यांनी डाग गेले. तेव्हा शालूच्या आईने, बानाबाईने, गोळ्या बंद केल्या आणि शालू पुन्हा उन्हात गेली. पुढे तिचे पाय सुजले.

"डाग गेला म्हंजी रोग गेला, असं वाटलं बाई," बानाबाई दवाखान्यात म्हणाली.

"आता किडनीला सूज आलीय. आणखी हयगय केली तर ती निकामी होईल," नीरजाताई म्हणाल्या. "तुमच्या मेंढ्यांच्या पाठीवर रंगाची खूण असते ना?"

"व्हय. त्याबिगर आपली कशी वळखायची?"

"मरणाऱ्या पेशीवरही खूण असते. ती ओळखून उचलणाऱ्या पेशी हिच्यात कमी पडतात. ऊन लागलं की मरणाऱ्या वाढतात."

"म्हंजी मेलेलं मेंढरू कुणी उचलंना, अन् वरून आम्ही आणखी मारायलो!" बानाबाई पदराने तोंड पुसत म्हणाली. "आजपासून दुपारचा कळप माझा."

"तुझं एकबी मेंढरू ऐकत नाय, आये," शालू म्हणाली.

"तुझं तरी कुठं ऐकतंय? तूच त्यांच्यामागं पळतीस!"

नीरजाताईंनाही हसू आवरेना.

शालू रोज गोळ्या घेऊ लागली. सैनिक शांत झाले, ऊन टळलं, आणि मलाही माझं काम पुरं करता येऊ लागलं.

मित्रांनो, बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध सोडू नका. कुणी उन्हात खेळायला येत नसेल, तर त्याला नाजूक म्हणून चिडवू नका. त्याच्या शेजारी सावलीत जाऊन बसा. हा आजार शेजारी बसून लागत नाही.

परवा तपासणीत शालूची किडनी शाबूत निघाली.

"ताई, तुमच्या गोळ्यांनी वाचवलं," शालू म्हणाली.

"अन् माझ्या पायपिटीनं!" बानाबाईने लगेच सुनावलं.

दोघींचंही खरं आहे. पण मित्रांनो, थोडं श्रेय माझंही आहे!