वासिलचा पुठ्ठा

तिसऱ्यांदा इंजिनच्या तापमानाचा काटा लालात गेला, तेव्हा स्टेफका गावाबाहेरच्या पुलावरून माघारी फिरली आणि वाफा सोडणारी ती जुनाट गाडी पुन्हा ओरेस्टच्या गॅरेजात आणून उभी केली. तिकडे सास्काटून शहरातल्या इस्पितळात तिच्या लेकीला, लेसियाला, कळा सुरू झाल्या होत्या. मूल आडवं, दुपारी ऑपरेशन, आणि पोरीजवळ आपलं म्हणावं असं कुणी नाही. पेरणीचे दिवस. गावातला जो तो शेतावर, ओरेस्टचा ट्रकसुद्धा बियाणं आणायला गेलेला.

"वहिनी, ही गाडी आहे की चहाची किटली?" ओरेस्ट कावला होता. "थर्मोस्टॅट नवा घातला, पंप नवा, पट्टा नवा, रेडिएटर धुतला. आता काय पाद्र्याला बोलावू?"

"बोलवा," स्टेफका म्हणाली. हसली नाही.

"आणि तापली की हिटर पूर्ण सोडा म्हटलं होतं, ते? इंजिनातली उष्णता ओढून घेतो तो."

"त्या हिटरला माझा हात लागत नाही, भावजी."

ओरेस्टने बॉनेट उघडलं, जाळीमागे हात घातला आणि कचकचीत शिवी हासडली. रेडिएटरपुढे पुठ्ठा बांधलेला होता.

हिवाळ्यात इकडे सगळेच बांधतात. उणे चाळीसात रेडिएटर उघडा राहिला तर इंजिन तापत नाही, हिटर गार वारा फेकतो आणि माणूस आतल्या आत गारठतो. मे उजाडला तरी पुठ्ठा काढायला विसरणारा एखादा बावळट दरवर्षी निघतोच. पण या गाडीतला पुठ्ठा ओरेस्टने सोमवारी स्वतःच्या हाताने काढून भट्टीत घातला होता. काल पुन्हा निघाला, तोही जाळला. हा तिसरा. कोपरे तसेच गोल कापलेले, तार तशीच पिळलेली, वर पेन्सिलीने तारीख. पुठ्ठ्यावर तारीख घालायची खोड एकाच माणसाची, स्टेफकाच्या नवऱ्याची, वासिलची. वासिलला जाऊन चार महिने झाले होते आणि तारीख आजची होती.

"कुणी हलकट चेष्टा करतोय," ओरेस्ट म्हणाला, पण त्याचा आवाज चिरकला. "शेडला कुलूप असतं ना?"

"असतं. किल्ली माझ्या गळ्यात."

तिने पुठ्ठ्याला बोट लावलं. रेडिएटर खदखदत होता आणि पुठ्ठा बर्फासारखा गार.

मग चार महिने गिळलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "मी काढला होता, भावजी. जानेवारीत दोन दिवस ऊन पडलं, काटा चढला, म्हणून मी पुठ्ठा उपसून फेकला. वासिलला सांगायचं राहिलं. विसरले मेली! आणि दुसऱ्या दिवशी उणे एकेचाळीस."

पुढचं ओरेस्टला ठाऊक होतं. गाडी त्यानेच ओढून आणली होती. बर्फात रुतलेली, इंजिन चालू, हिटर गार. वाऱ्याकडची बाजू सोडून वासिल शेजारच्या सीटवर सरकून बसलेला, हात काखेत, तसाच गोठलेला.

"मग... सूड?" त्याने हळूच विचारलं.

"वासिल? कोंबडी कापताना डोळे मिटायचा तो." स्टेफका शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिली. "त्याला थंडी वाजतेय, भावजी. अजून वाजतेय."

ओरेस्टने पक्कड उचलली. तिने त्याचा हात धरला. "राहू दे पुठ्ठा. पाणी तेवढं भरा."

इंजिन जरा निवल्यावर पाणी भरून झालं. ती आत बसली, भर उन्हात सगळ्या काचा चढवल्या, हिटरची खुंटी शेवटपर्यंत फिरवली आणि हवेची तोंडं शेजारच्या सीटकडे वळवली.

"चुकलं रे माझं," ती म्हणाली. "चल. लेसिया वाट बघतेय."

पूल आला. घामाने तिचं पोलकं अंगाला चिकटलं, डोळ्यांत खारं उतरलं, पण काटा मधल्या रेघेवरून ढळला नाही. तेव्हा कुठे तिने शेजारी पाहिलं. त्या बाजूच्या काचेवर आतून बर्फ धरलं होतं आणि ते हळूहळू वितळून थेंब खाली ओघळत होते. मधोमध, बाहीने पुसावी तशी, बाहेर बघण्याइतकी गोल जागा मोकळी झाली.

सास्काटून येईपर्यंत स्टेफकाने हिटर कमी केला नाही.