मामाची मिशी

पल्लवीनं मोबाइलचा टॉर्च लावला आणि उजेड थेट मामाच्या वरच्या ओठावर धरला.

"हलू नको मामा."

"हलून नाही राहिलो. आली का?"

ती आणखी जवळ झाली. ओठाच्या दोन्ही टोकांना थोडं थोडं काही उगवलं होतं, जसं बांधाच्या कडेनं गवत उगवतं. मधे मात्र लख्ख मोकळं रान.

"कडेकडेनं हाय," ती म्हणाली. "मधात पेरलंच नाही वाटते देवानं."

"देवाचा काय दोष? आमच्या बापाचंबी असंच होतं." रोशनमामानं आरसा पालथा ठेवला. "लग्नापर्यंत मिशी येईन. खत घालतो."

पलंगावर मेंदीचे नमुने पाहत बसलेली पल्लवीची बहीण सुचिता हसली नाही. एरवी मामाच्या बोलण्यावर सगळ्यात आधी तीच हसायची. पण लग्न तिचं होतं, आणि मिशीची अट तिच्याच सासरहून आली होती.

तारीख काढायला पांढुर्ण्याहून सौंसरला घरी पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट. नवरदेवाचे वडील यशवंतराव मोठे संत्रा बागायतदार. बोलताना मिशीवरून बोट फिरवायची त्यांना सवय. सगळं ठरलं, पोहे झाले, चहा आला, तेव्हा त्यांनी विषय काढला.

"मुलीच्या मामाचं ऐकलं जी आम्ही. आमच्याकडे बोहल्यावर मुलीले मामा घेऊन येते. मामी नाही घेऊन येत."

त्यांच्यासोबतचे पाहुणे हसले. सुचिताची आई प्रमिला, तिच्या हातातला ट्रे जागच्या जागी थांबला. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो तिचा भाऊ तिथंच दाराशी खुर्चीवर बसला होता.

"नाही म्हणजे, मिशी ठेवा म्हणा त्यायले," यशवंतराव पुढे म्हणाले. "मर्दासारखे उभे राहा. मंग आमचं काही म्हणणं नाही."

सुचिताच्या काकांनी लगेच सुचवलं की मामा म्हणून दुसऱ्या कोणाला उभं करू. आतल्या खोलीतून सुचिताचा आवाज आला, "मामा नाही तं मीबी उठत नाही." गजाननराव, तिचे वडील, जमिनीकडे पाहू लागले. आणि रोशन म्हणाला, "ठेवतो जी मिशी. त्यात काय."

पल्लवीला राग आला तो त्या "जी"चा. मामाच्या तोंडून असं खाली वाकलेलं "जी" तिनं कधी ऐकलं नव्हतं.

कारण मामा म्हणजे चायनाबाई. मोहगाव, लोधीखेडा, थेट पांढुर्ण्यापर्यंत खडी गंमत पाहणारा एकही माणूस असा नव्हता ज्याला चायनाबाई माहीत नाही. खड्या गंमतीत सगळं उभ्यानं चालतं. मंच नाही, पडदा नाही. मधे कलावंत आणि चारी बाजूंनी लोक. बाईचं काम पुरुषच करतो. नाटकात निदान पाठ लपते; इथं पाठीमागे उभ्या असलेल्या माणसालाही बाईच दिसली पाहिजे. मामाची पाठही बाईची दिसायची. पल्लवीनं स्वतः मागून पाहिली होती.

नाव मात्र मामानं स्वतः ठेवलेलं नव्हतं. त्याचे वडील नेपाळचे, सौंसरच्या एका जिनिंगमध्ये चौकीदार होते, आणि त्यांचे डोळे नि गालांची हाडं रोशनला, प्रमिलाला आणि पुढे पल्लवीलाही मिळाली होती. तरुण रोशन मोहगावात पहिल्यांदा नऊवारी नेसून उभा राहिला तेव्हा गर्दीतून कोणी ओरडलं, "अबे, हे तं चायनाची बाई आणली." ढोलकी थांबली. रोशन कमरेवर हात ठेवून सावकाश त्या बाजूला वळला.

"चायनाचीच हाय पाटील. गॅरंटी नाही. पण हात लावला तं करंट बसते."

पुढच्या कार्यक्रमापासून लोक चायनाबाईलाच बोलावू लागले.

गावात बाप गेल्यावरच माणूस मिशी काढतो. त्यामुळे रोज दाढी करताना न्हाव्याच्या दुकानात कोणी ना कोणी विचारायचंच, "काय रे, बाप रोज मरून राहिला का?" मामा आरशातूनच उत्तर द्यायचा, "बाप एकदाच मेला. बाई रोज जन्मते." पल्लवीला हे सगळं पाठ होतं. अकरावीत वर्गातल्या एका मुलानं तिला "मोमो" म्हटलं तेव्हा तीही कमरेवर हात ठेवून वळली होती: "मोमोसंग तिखट चटणी येते, लक्षात ठेव." तो मुलगा त्यानंतर तिला पल्लवी म्हणायला शिकला.

आणि हाच मामा आता ओठावर टॉर्च मारून घेत होता.

गंमत पार्टीचे शाहीर मधुकर दुसऱ्या दिवशी आले ते अंगणातूनच ओरडत.

"काय ऐकून राहिलो रोशन? हनुमान जयंतीले मिशीवाली बाई नाचवू का मी?"

जामसांवलीजवळच्या एका गावाची सुपारी होती. ताटातली सुपारी बाईचं काम करणाऱ्यानं स्वतःच्या हातानं उचलायची, आणि एकदा उचलली की परत ठेवायची नाही, ही त्यांच्या पार्टीची रीत. रोशननं ती होळीच्या आधीच उचलली होती.

"प्रवीणले उभा करा," रोशन म्हणाला.

"प्रवीण? तो लुगडं नेसला की पंचायतीचा ट्रॅक्टर झाकून ठेवल्यासारखा दिसते."

पल्लवी खो खो हसली. प्रमिला मात्र डोळ्याला पदर लावून भावाला म्हणाली, "दादा, माह्या पोरीचं पाह्य ना. एवढ्या वेळ."

रोशन उठून आत गेला. रंगाची पेटी उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नुसती खुडबुड. प्रमिला चहा टाकायला वळली तेवढ्यात पडवीत जड पावलं वाजली, आणि कोणीतरी खाकरलं. प्रमिलाचा हात आपोआप डोक्याकडे गेला. तिनं पदर पुढे ओढला.

दारात रोशन उभा होता. ओठावर भरघोस मिशी, टोकं किंचित वर वळलेली. पाय फाकवून, पोट पुढे काढून, एका बोटानं मिशी कुरवाळत.

"यंदा संत्र्याचा आंबिया बहार चांगला हाय म्हणते," तो जड आवाजात म्हणाला. "पण मजुराचं काही खरं नाही."

हुबेहूब यशवंतराव. मधुकर शाहिरांनी कपाळाला हात लावला. "अरे, पेन्सिलीची हाय का हे?"

"काजळ, मेण आणि थोडे केस. गंमतीच्या दिवशी बाई, लग्नाच्या दिवशी मामा." रोशन स्वतःच्या आवाजात म्हणाला. "दोन्ही सोंगं जमते आपल्याले."

घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सुचिता तेवढी मामाकडे पाहत राहिली.

बस्त्याच्या दिवशी पांढुर्ण्याच्या कापड दुकानात दोन्हीकडची माणसं गादीवर बसली. यशवंतरावांनी रोशनच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याची टोपी पुढे आली.

"आता कसे मामा दिसून राहिले. काय पाहिजे होतं दुसरं?"

"तुमचीच कृपा जी."

रोशननं मांडी पसरून बसून सगळं व्यवस्थित केलं. शालूचा पोत दोन बोटांत धरून नापसंती दाखवली, दुकानदाराला अरे-तुरे केलं, बायकांच्या बोलण्याच्या मधे बोलला. पल्लवीला वाटलं, मामाचं इतकं सुंदर काम आपण आजवर पाहिलं नाही, आणि इथं टाळी वाजवणारं कोणी नाही. चहा आला तेव्हा रोशननं कप बाजूला सारला. "सोडला जी चहा." दिवसातून कितीदा तरी चहा मागणारा माणूस. वाफेनं मेण सुटलं असतं. नवरदेवाची आई विजयमाला सुचितापुढे एकामागून एक साडी उलगडत होती आणि सुचिता त्या थंड होत चाललेल्या कपाकडे पाहत होती.

"हे आवडली का?" विजयमालानं विचारलं.

"हो," सुचिता म्हणाली. कोणती साडी, तेही तिनं पाहिलं नाही.

हनुमान जयंतीच्या संध्याकाळी दोघी बहिणी गंमत पाहायला गेल्या. मिशी नव्हती, कडेचं गवतही नव्हतं. चायनाबाई हिरव्या नऊवारीत रिंगणात आली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. गौळण झाली. शाहिरांशी सवाल-जवाब झाले. पल्लवी टाळ्या वाजवून वाजवून हात झटकत होती. तेवढ्यात पलीकडच्या बाजूनं कोणी ओरडलं,

"चायनाबाई, मिशी घरी ठेवून आली का? भाचीच्या लग्नात लावजो बरं."

म्हणजे बातमी फुटली होती. लोक हसले आणि मग वाट पाहू लागले. आता ती कमरेवर हात ठेवील, वळेल, आणि त्याला पाणी पाजील. ढोलकीवालाही थाप देण्यासाठी हात वर धरून थांबला.

चायनाबाई वळली. कमरेवर हातही ठेवला. तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

मधुकर शाहिरांनी घाईनं पुढचं गाणं उचललं. टाळ वाजू लागले, पाय चालू लागले, अर्ध्या लोकांच्या लक्षातही आलं नाही. पल्लवीनं सुचिताचा हात धरला.

कार्यक्रम संपल्यावर शाळेच्या वऱ्हांड्यात मामा बांगड्या उतरवत बसला होता. पल्लवी समोर जाऊन उभी राहिली.

"काहून बोलला नाही तू? मी दहा उत्तरं दिली असती."

"सुचलं नाही वं."

"तुले सुचलं नाही?"

"तो खरं बोलून राहिला होता ना पोरी." मामानं एक बांगडी काढली, पुसली, ठेवली. "खोट्याले उत्तर देता येते."

सुचिता खांबाला टेकून ऐकत उभी होती.

लग्न सौंसरलाच होतं, गोरज मुहूर्तावर. मांडव भरला. यशवंतराव पहिल्या रांगेत फेटा सावरत बसले, विजयमाला बायकांत अक्षता वाटत फिरत होती. अंतरपाटामागे नवरदेव उभा राहिला आणि माइकवरून गुरुजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

खोलीच्या दारात रोशन तयार होता. पांढरा कुर्ता, गुलाबी फेटा, आणि मिशी. आज टोकं जरा जास्तच वर. पिवळ्या साडीतली सुचिता उठली. रोशननं तिचा हात धरला, पोट पुढे काढलं, आणि दोघं निघाले. मागे करवली म्हणून पल्लवी, हातात दिव्याचं ताट घेऊन. लोकांनी दोन्ही बाजूंनी वाट केली. मामा जड पावलं टाकत चालला होता, जमिनीवर उपकार करत असल्यासारखी. कोणी तरी म्हणालं, "मामा शोभून राहिले." यशवंतरावांनी समाधानानं मान हलवली.

मांडवाच्या मधोमध सुचिता थांबली.

रोशनला वाटलं, साडी पायात आली असेल. तो वाकला. "काय झालं वं?"

सुचितानं पदराचं टोक हातात घेतलं. घाम पुसावा तसं तिनं ते मामाच्या ओठावरून फिरवलं. एकदा डावीकडे, मग उजवीकडे, मग मधे जोरानं. मेण सुटलं. रोशननं तिचं मनगट धरलं, पण घट्ट धरलं नाही.

पुढच्या रांगेत कोणाची तरी खुर्ची सरकली. यशवंतराव अर्धे उठले होते; बसावं की पूर्ण उठावं हे त्यांना कळत नव्हतं. विजयमालाचा अक्षतांचा हात हवेतच राहिला. माइकवर गुरुजी खाकरले.

"सुचिता," रोशन पुटपुटला, "सगळं मोडीन ना."

"चाल मामा," ती म्हणाली.

तो उभा राहिला. ओठ लालसर झाला होता आणि पूर्ण मोकळा होता. त्यानं समोर भरलेल्या मांडवाकडे पाहिलं, मग डाव्या बाजूला, मग उजव्या, मग मान वळवून मागेही. चारी बाजूंनी लोक. खांदे सैल झाले, पोट आत गेलं, आणि पुढचं पाऊल पडलं ते टाच न वाजवता, हलकं, कमरेतून सुटलेलं. सुचितानं त्या पावलाशी पाऊल जुळवलं.

तिच्या पिवळ्या पदरावर काळा, चिकट पट्टा उमटला होता. मागून चालणाऱ्या पल्लवीला तो दिसला. बोहल्यासमोर सगळे पाहतील, फोटोत येईल, म्हणून तिनं ताट एका हातात घेऊन पुढे वाकून पदराचं ते टोक आत दुमडलं.

सुचितानं न वळता हात मागे नेला, दुमडलेलं टोक सोडवलं, आणि खांद्यावरून पुढे आणून सगळ्यांना दिसेल असं सोडलं.