तुऱ्यावर आलेलं गवत

तात्याबा गेला त्याच्या आदल्या आठवड्यात त्यानं लेकीला, अंजनाला, विद्यापीठात फोन केला होता. गायरानात राखलेल्या गवताला तुरा फुटायलाय, लवकर ये, म्हणाला. दोन वर्षं बापलेक त्या तुऱ्याची वाट बघत होते. अंजनाला ते गवत कुठल्याच पुस्तकात सापडत नव्हतं, आणि गवताची ओळख पटते ती तुऱ्यावरून; नुसत्या पात्यावरून कुणी नाव देत नाही. मागच्या साली पाऊसच नव्हता. औंदा दोन सरींवर तुरा आला. तात्याबानं भोवती बोराटीच्या काट्या लावल्या आणि स्वतःची उपाशी मेंढरंही आत सोडली नाहीत.

गावची सहकारी सोसायटी गायरान सपाट करून जनावरांची छावणी उभारणार होती. असं गवत दुसरीकडं नाही, असं विद्यापीठाचं पत्र दसऱ्याच्या आत आणलं, तर तेवढी पट्टी सोडू, असं चेअरमन मोहनराव म्हणाले होते.

अंजना आली ती बापाच्या मातीला. मग सुतकात उंबऱ्याबाहेर पाय टाकता येईना. कुणाला सांगून एखादं रोप मुळासकट मागवता आलं असतं. पण आई मनकर्णा भिंतीला टेकून बसलेली. बाप जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि पोरीला गवत सुचतंय, हे तिच्या कानावर घालायचं कसं? अंजना गप्प राहिली.

दहाव्याला कावळा शिवला. परतताना चुलता म्हाळू जवळ आला. मेंढक्याच्या दहाव्याला त्याच्या मेंढरांनी उपाशी राहायचं नाही, ही भावकीची जुनी रीत.

"तात्याबानं त्येंच्यासाठी राखलेलं गवतच चारलं बघ," तो डोळे पुसत म्हणाला. "ह्या दुष्काळात असा दहावा कुनाचाच झाला न्हाई."

अंजना तशीच गायरानाकडे पळाली. काट्या बाजूला नीट रचून ठेवलेल्या होत्या. आत जमिनीसरशी खुडलेले बुडखे. ती गुडघ्यांवर बसून एकेक चाचपत गेली. जवळच उभ्या मेंढरांच्या लोकरीत तुऱ्याची दोन तुसं अडकलेली सापडली. तिनं विद्यापीठातल्या सरांना फोन केला. तेवढ्यावर पत्र देता येणार नाही, अख्खं रोप हवं, असं ते हळू आवाजात म्हणाले.

मागून आलेल्या म्हाळूला तिनं सगळं सांगितलं. तो बुडख्यांपाशी टेकला.

"आदी कावून न्हाई बोललीस? येका शब्दाचं काम व्हतं."

"लाज वाटली, काका."

मोहनरावांनी सारं ऐकून घेतलं. "चारशे जनावरं दावणीला हायती, बाई," ते म्हणाले. "बुडख्यासाठी कुनाकुनाला उपाशी ठिवू?"

ट्रॅक्टर यायच्या आत अंजनानं आणि म्हाळूनं अकरा बुडखे खणून घमेल्यांत लावले. टँकरच्या पाण्यातली आपल्या आंघोळीची बादली मनकर्णा दारात आणून ठेवू लागली. पुढचा तुरा आलाच तर वर्षानं येणार होता. आणि विद्यापीठात द्यायच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर गवत कुठल्या रानात वाढतं तेही लिहावं लागतं.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत चार वाळले. उरलेल्या सातांना अंजना वाटीवाटीनं पाणी घालत होती, आणि समोर गायरानावर पत्र्याच्या शेडचे खांब उभे राहत होते.