एक वॅटचा दांडा

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. आणि माझे सासरे सखाराम गोव्यात डिचोलीला वेल्डर. गडहिंग्लजहून येऊन तीस वर्षं झाली, हट्ट मात्र अजून तिकडचाच. सुनेनं वर्कशॉपमध्ये यायचं नाही, हा त्यातला पहिला.

हरमलच्या अशोकला त्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकसाठी मासे परतायची सहा लांब उलथणी हवी होती. "गेल्या वर्सा हात भाजलो माझो," तो म्हणाला, "दांडो तापता कामा नये."

सासऱ्यांनी लोखंडी सळी काढली आणि मी वर्कशॉपच्या दारातूनच आडवी आले. बारा मिलिमीटर जाडी, अर्धा मीटर लांबी, दोन टोकांत तीनशे अंशांचा फरक. उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर खडूनं हिशेब मांडला. लोखंडातून हाताकडे साडेतीन वॅट उष्णता येते, स्टेनलेस स्टीलमधून जेमतेम एक.

"आणि हात भाजला तर?" सासऱ्यांनी विचारलं.

"तर मामा, मी वर्कशॉपचं तोंड बघणार नाही. नाही भाजला तर रोज येणार."

बोलून तर गेले. घरात बसून मला वेड लागलं असतं.

दांडे स्टीलचे झाले. दुपारी हरमलला पोचलो. अशोकनं उलथणी धुऊन अंगणातल्या पत्र्यावर वाळत टाकली आणि मासे साफ करायला बसला. तासाभरानं सासऱ्यांनी एक उचललं आणि हात झटकत टाकून दिलं. निखारे अजून पेटलेही नव्हते.

"पोरी, तुझ्या गणितात सूर्य व्हता का?"

नव्हता. स्वतःचाच असा राग आला म्हणता. माहेरी इब्रामपूरला कोयते सावलीत ठेवायला आईनं शिकवलं होतं, ते मी एम.एस्सी. होता होता विसरले.

पण सासऱ्यांना पुरतं जिंकायचं होतं. उलथणं पाण्यात बुडवून गार केलं, आत सावलीत गेले आणि पातं निखाऱ्यांत खुपसून उभे राहिले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. शेजारच्या तव्यावर अशोकचे इसवणाचे, म्हणजे सुरमईचे, तुकडे परतून झाले. सासरे चटक्याची वाट बघत मूठ आणखी आवळत होते. चटका काही बसेना.

सहाही उलथणी परत घेऊन डिचोलीला आलो.

"हरलीस," घराशी आल्यावर सासरे म्हणाले.

"हो."

"उन्हानं हरवलं तुला, जाळानं न्हाई. उद्या आठाला ये. सगळ्या दांड्यांवर 'सावलीत ठेवा' कोरायचंय, आन् माझं अक्षर लई वंगाळ."