बारा नाशपाती

डिसेंबरात रोपवाटिकेतून माझी बारा नाशपातीची रोपं आली. उघड्या मुळांची, ओल्या गोणपाटात बांधलेली. त्याच आठवड्यात एल्बे नदीच्या बांधाआडची सगळी जमीन गोठली. एरवी अशी रोपं चर खणून तिरकी ठेवायची, मुळांवर माती लोटायची आणि मार्चची वाट पाहायची. माझं फावडं जमिनीवर नुसतं वाजलं.

ही कलमं वडिलांच्या झाडाची. माझा भाऊ विल्केन वारला; त्याच्या बायकोनं, गेशेनं, ते झाड गेल्या हिवाळ्यात तोडलं. सफरचंदांच्या रांगेत ते आडवं येत होतं. त्या जातीचं दुसरं झाड मला कुठं सापडलं नाही. करवत लागण्याआधी मी चोरून काड्या कापल्या आणि कलमं बांधायला रोपवाटिकेत दिल्या होत्या. ते कळल्यावर ती म्हणाली, "मार्चमध्ये जिवंत असतील तेवढी कडेला लाव. मेलेली काठी मी माझ्या जमिनीत रोवू देणार नाही."

आता ती माझं फावडं बघत उभी होती.

"अहो ग्रंथपालसाहेब, जमिनीला काय वाचून दाखवताय? माझ्या कोठारात ठेव. थंड आहे, ओल आहे."

कोठार सफरचंदांनी भरलेलं होतं.

"गेशे, मी वाचलंय की... साठवलेली फळं एक वायू सोडतात. त्यानं रोपांवरचे झोपलेले डोळे, न फुटलेले कोंब, मरतात म्हणे."

"म्हणे!" ती कामगारांकडे वळली. "ऐकलंत? हिनरिक मला सफरचंदं शिकवतोय. चाळीस वर्षं मी काय बटाटे पिकवले?"

कामगार हसले. माझे कान तापले. पुस्तक जुनं होतं, मी कदाचित चुकीचं वाचलं असेन, असं मला वाटू लागलं. हे मला नेहमीच वाटतं. अकरा रोपं मी स्वतःच्या हातांनी कोठारात नेऊन ठेवली. बाराव्याचं एक मूळ मोडलं होतं. त्यावरून आणखी हसं होईल म्हणून ते कोटाखाली दडवून घरी नेलं आणि न्हाणीघरात ओल्या वाळूच्या बादलीत खोचलं.

मार्चमध्ये गेशेनंच कोठाराचं दार उघडलं. मी पहिल्या रोपाचा एक डोळा नखानं चिरला. आत काळं. दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. अकराव्यापर्यंत मी चिरत गेलो, कारण थांबलो असतो तर तिच्याकडे बघावं लागलं असतं.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"होतं की. इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं." तिनं हात झटकले. "तुलाही ठाऊक होतं ना? मग ठेवलीस कशाला? विल्केन म्हणायचा, हिनरिकला एकदा हसलं की तो स्वतःचं नावसुद्धा बदलेल."

 

मी घरी गेलो आणि बादली घेऊन परतलो. मोडक्या मुळाच्या रोपाचा वरचा डोळा तिच्यासमोर चिरला. आत हिरवं होतं.

तिनं वाकून तो डोळा पाहिला.

"हे कुठं होतं?"

"न्हाणीघरात."

"एकच आहे. तेही लंगडं. सावली मात्र माझ्या रांगेवर पाडेल."

"पाडेल," मी म्हणालो, आणि कडेला खणायला लागलो. फावडं या वेळी आत गेलं. ती जाईना. माझ्या पाठीशी उभी राहून खड्डा कसा वाकडा होतोय ते सांगत राहिली. वाकडाच होत होता.