हाफ-डे मॅडम

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे ‘हाफ-डे मॅडम’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण कानावर पडेल इतपत मोठ्यानं. खरं तर ती सकाळी सातला यायची. दारावरचा रखवालदार अजून जांभया देत असायचा आणि नमुना विभागातले दिवे तीच लावायची. बाकीची मंडळी डुलत डुलत येऊन चहा पिईपर्यंत हिनं एखाद्या खोक्याचा आराखडा काढून, पुठ्ठा कापून, घड्या घालून ते टेबलावर उभंही केलेलं असायचं. पण तीनला तिनं पर्स उचलली की कोणीतरी हटकून म्हणायचं, “चालल्या बघा! मजा आहे बुवा एका माणसाची.” येताना तिला कोणी पाहत नसे, जाताना सगळे पाहायचे.

ही वेळ तिनं मुलगी झाल्यावर भांडून मागून घेतली होती. मुलगी आता दुसरीत होती. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरीदारी तिला भिंगरीच म्हणत. नमुना आणि विक्री असे दोन्ही विभाग पाहणाऱ्या साहेबांनी वेळ दिली, पण मनापासून दिली नाही. नमुना विभागाची साप्ताहिक बैठक चार वाजता व्हायची आणि कुठलं काम कोणाकडे जाणार हे तिथंच ठरायचं.

“सर, बैठक सकाळी घेता येईल का?” तिनं कितीदा तरी विचारलं होतं.

“मॅडम, एका माणसासाठी सगळ्यांचं वेळापत्रक कसं बदलणार?” साहेब हसून म्हणायचे.

मग दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर उरलंसुरलं काम येऊन पडायचं. खिळ्यांची खोकी, चपलांची खोकी. ज्याला तिनं स्वतः कटर कसा धरायचा इथपासून शिकवलं, तो उंच डिझायनर विभागप्रमुख झाला, तेही तिला दुसऱ्या दिवशीच कळलं. कोणीतरी आठवणीनं तिच्यासाठी केकचा तुकडा ठेवला होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या.

नवरा त्याच कारखान्यात विक्री विभागात होता. ती घरी येऊन तणतणली की तो म्हणायचा, “असतात गं असे साहेब. तू कशाला मनाला लावून घेतेस?”

आणि मग एक मोठं काम आपण होऊन तिच्याकडे चालत आलं. औषधाच्या काचेच्या नाजूक कुप्यांसाठी खोकं हवं होतं. उंचावरून टाकलं तरी आतली एकही कुपी तडकता कामा नये. गिऱ्हाईकानं तिचं एक जुनं खोकं पाहिलं होतं, त्यामुळे त्यानं नाव घेऊन तिलाच मागितलं. साहेबांचा नाइलाज झाला. ते पुरं होईपर्यंत तिला संध्याकाळपर्यंत थांबावं लागणार होतं. तिनं नवऱ्याला सांगितलं, “आता भिंगरीला शाळेतून तू आणायचंस. तीनला निघायचंस.”

तो थोडा कुरकुरला, पण तयार झाला. आणि मग जे झालं ते पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो तीनला निघाला की विक्री विभागातल्या बायका माना वेळावून म्हणायच्या, “किती करतो गं मुलीसाठी! नशीब लागतं असा बाप मिळायला.” सासूबाईंचा फोन आला. “माझ्या लेकाची फार ओढाताण होतेय गं. जरा त्याच्या खाण्यापिण्याकडे बघ.” आणि एकदा जेवताना तो सहज म्हणाला, “अगं, साहेबांनी आमची चारची बैठक सकाळी घेतली. म्हणाले, तुला मुलीला आणायला जायचं असतं ना!”

तिचा घास हातातच राहिला. “तू मागितलंस?”

“छे गं. त्यांनीच आपणहून केलं.”

“हेच साहेब? माझेच?”

“म्हणजे… तुमच्या विभागाचं वेगळं असेल काहीतरी.” तो पाण्याच्या पेल्याकडे बघत म्हणाला.

ती उठली आणि तिनं भांडी अशी आपटत घासली की भिंगरीनं कानांवर हात ठेवले.

पुढच्या महिन्यात कारखान्याचा मेळावा होता. या वेळी विषय होता ‘काम आणि कुटुंब’, आणि बोलणार होता तिचा नवरा. साहेबांनीच सुचवलं होतं. दुपारच्या जेवणानंतर कँटीनमधली टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या. ती मागच्या रांगेत बसली. तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून माइकपुढे उभा राहिला. शर्टाला इस्त्री, अर्थात, तिनंच केली होती.

“सुरुवातीला मलाही वाटलं, लोक काय म्हणतील,” तो सांगत होता. “पण साहेबांनी पाठीवर हात ठेवला. आज अभिमानानं सांगतो, घरासाठी कामाची वेळ बदलून घेणारा या कारखान्यातला मी पहिला माणूस आहे.”

टाळ्या पडल्या. पहिला बापसुद्धा नव्हे, पहिला माणूस. इतकी वर्षं ती सातला येत होती ती मग कोण म्हणून? तिनं आजूबाजूला पाहिलं. एकालाही काही खटकलं नव्हतं. शेजारचीही टाळ्या वाजवत होती.

तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन थरथरला. शाळा! शाळेतल्या बाई म्हणाल्या, “भिंगरीला थोडा ताप आहे. घाबरण्यासारखं काही नाही, झोपवलंय तिला. कोणी न्यायला येईल का?”

रोज दारात बाप उभा असतो, तरी ताप आला की फोन आईलाच. एरवी ती तशीच पळाली असती. पाय उचललाही होता तिनं. पण पाय दाराकडे न जाता माइकच्या दिशेनं वळला.

“एक मिनिट हं बाई,” ती म्हणाली, “तिच्या बाबांना देते.”

खुर्च्यांमधून वाट काढत ती पुढे गेली आणि बोलणाऱ्या नवऱ्यापुढे तिनं फोन धरला. “शाळेतून फोन आहे. मुलीला ताप आलाय.”

तो गडबडला. “अगं, तू बोल ना! मला काय माहीत तिला कुठलं औषध देतात?”

माइक तोंडाशीच होता. वाक्य कँटीनभर घुमलं. मागून कोणीतरी फसकन हसलं. त्याचे कान लालबुंद झाले.

“कपाटाच्या खालच्या खणात आहे,” ती म्हणाली. “बाकीचं बाटलीवर लिहिलंय. वाचता येतं तुला.”

तो फोन घेऊन गेला. साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. “मॅडम, तुम्ही नाही गेलात? आई लागते अशा वेळी मुलांना.”

तिथं तिचा बांध फुटला.

“मुलगी झाल्यापासून मीच जातेय, सर! आणि जाते म्हणून मला हाफ-डे म्हणतात. तुम्हीही म्हणता, ऐकलंय मी. मी सातला येते तेव्हा तुम्ही अंथरुणात असता. मी बैठक सकाळी मागितली तर एका माणसासाठी वेळापत्रक बदलत नाही. यांच्यासाठी मात्र न मागता बदललंत! यांनी दोन महिने मुलीला शाळेतून आणलं तर भाषण. मी सहा-सात वर्षं सगळं सांभाळलं, तर चपलांची खोकी!”



“मॅडम, आपण हे नंतर शांतपणे बोलू,” साहेब म्हणाले.

“नंतर म्हणजे चारला का, सर?”

आता खरोखर हशा पिकला, पण तिला हसू आलं नाही. ती तडक नमुना विभागात गेली. रागाच्या भरात ओढलेला कटर पुठ्ठ्यावर वाकडा गेला आणि चांगला तुकडा फुकट गेला. उंच विभागप्रमुख मागोमाग येऊन दारात उभा राहिला.

“मॅडम, मला खरंच कल्पना नव्हती…”

“कसली कल्पना नव्हती? चारला माझी खुर्ची रिकामी असायची ती दिसत नव्हती? डोळे होते ना?”

 तो आल्या पावली परत गेला.

ती संध्याकाळी घरी पोचली तेव्हा भिंगरी कोचावर झोपली होती. ताप उतरला होता. कपाळावरची ओली पट्टी घसरून कानावर आली होती. नवरा शेजारी जमिनीवर बसला होता. पोरगी जागी होऊ नये म्हणून दोघं दबक्या आवाजात भांडले.

“सगळ्यांसमोर माझी शोभा केलीस,” तो म्हणाला.

“तुझी तू केलीस. पहिला माणूस म्हणे! मी कोण होते रे?”

“बोलण्याच्या ओघात आलं गं ते.”

“ओघात खरं तेच येतं.”

त्यानं भिंगरीच्या कानावरची पट्टी परत कपाळावर ठेवली. मग म्हणाला, “इतकं होतं तर मला आधी सांगायचंस.”

“सांगत नव्हते? रोज सांगत होते. तू म्हणायचास, असतात असे साहेब.”

त्यानं मान खाली घातली. शेवटी म्हणाला, “उद्या मी साहेबांशी बोलतो. तुमची बैठक सकाळी घ्यायला सांगतो.”

“खबरदार!” ती इतक्या जोरात कुजबुजली की भिंगरी चुळबुळली. “तू सांगितलंस की ते लगेच करतील. तेच मला नकोय. तू उद्या घरी थांब. हिला डॉक्टरांकडे ने. कुठले डॉक्टर, ते शोधून काढ.”

दुसऱ्या दिवशी तो घरी राहिला. ती सातला कामावर गेली आणि साहेब आल्या आल्या त्यांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली. साहेबांनी चष्मा पुसला, परत पुसला. “कुप्यांचं काम आता संपत आलंय, पुढच्या आठवड्यापासून तुमची बैठक सकाळी ठेवू,” ते म्हणाले. “पण मॅडम, चारचौघांत असं बोलायला नको होतं.”

“एकटीनं येऊन विचारत होते तेव्हा ऐकलं असतंत, तर नसते बोलले.”

तिनं आभार मानले नाहीत. जिन्यावरून उतरताना मात्र तिला जाणवलं की आपल्याला आनंद झालाय, आणि एवढ्याशा गोष्टीचा आनंद व्हावा याची तिला पुन्हा चीड आली.

घरी नवरा काही दिवस फुगूनच होता. तरी भिंगरीला रोज आणत होता, आणि शाळेत आपला फोन नंबर पहिला लिहून आला होता. तिनं शाबासकी दिली नाही. त्यानंही मागितली नाही.

पहिल्या सकाळच्या बैठकीला सगळे डोळे चोळत जमले. साहेब घसा खाकरून म्हणाले, “आपल्या मॅडमच्या सोयीसाठी आपण आजपासून…”

“माझ्या सोयीसाठी नाही, सर,” ती म्हणाली. “बैठक सकाळी आहे, एवढंच म्हणा.”

कोणीतरी खोकलं. साहेबांनी समोरचे कागद उगाच वरखाली केले. मग त्यांनी नवीन आलेलं काम सांगितलं. आरशांच्या कारखान्याला मोठाली खोकी हवी होती. अवघड काम होतं, मुदतही थोडी होती.

“कोण घेतंय?”

साहेबांनी सवयीनं उंच विभागप्रमुखाकडे पाहिलं. त्यानं तोंड उघडायच्या आत तिनं हात वर केला, आणि साहेब ‘बरं’ म्हणेपर्यंत खाली घेतला नाही.